पुढच्या वर्षीची तारीख

२ मार्च, सोमवार

आलो बाई एकदाच्या काराकोलला! दोन खोल्या, तिसरा मजला, खिडकीतून बर्फाचे डोंगर आणि मुख्य म्हणजे इंटरनेट. गावात एक चित्र पाठवायचं तर टेकडीवर चढून फोन आभाळाकडे धरावा लागायचा. सामान लावायच्या आधीच आईने, आमच्या आपाने, खिडकीखालची जागा अडवली. तिला नमदे, लोकरीच्या जाड सतरंज्या, शिवायला उजेड लागतो. मी म्हटलं, मलाही लागतो. तर म्हणते, तुझी ती कॉम्प्युटरची पेटी स्वतःच उजेड पाडते ना, मग बस की कोपऱ्यात. शेवटी खिडकी अर्धी अर्धी वाटून घेतली.

आजपासून मी कुणाची नोकर नाही. एसेनगुलच्या छपाईच्या दुकानात चार वर्षं काढली. लग्न असो, दातांचा दवाखाना असो की टायरचं दुकान, त्या माणसाला चारी कोपऱ्यांत गुलाब हवेत म्हणजे हवेतच. निघताना तोंडावर सांगितलं की तुमच्या गुलाबांचा मला वीट आलाय. तो म्हणाला, बुरुल, महिन्याभरात परत येशील. बघतेच! कामं मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं, सहा चांगले नमुने टाकले. आपाने माझ्यासाठी नवी खुर्चीही आणलीय. ती कशी आणली, ते संध्याकाळी तिच्या कर्णफुलांची रिकामी डबी हाती आली तेव्हा कळलं. आता मागे फिरणं नाही.

११ मार्च, बुधवार

डोकं फिरायची वेळ आलीय. काम द्यायच्या आधी सगळे विचारतात, आधीच्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय कुठे आहेत? अरे, काम दिलंत तर अभिप्राय येतील ना! एकाला बोधचिन्हात सिंह हवा होता, पण सिंहासारखा दिसणारा नको. चार सिंह काढले आणि गडी गायब. बिश्केकच्या मावसभावाला लग्नाची पत्रिका फुकट हवी, वर हलणारी चित्रंही हवीत, घरचंच काम म्हणे. आपा शेजारणीला सांगते की माझी मुलगी दिवसभर काचेला शिव्या घालते, हल्ली त्यालाच नोकरी म्हणतात.

१७ मार्च, मंगळवार

काम मिळालं! आशची पत्रिका आहे. माणूस गेल्याला वर्ष झालं की घरचे घोडा कापून गावाला जेवायला घालतात, त्या आशचं आमंत्रण हल्ली फोनवरच धाडतात. गिऱ्हाइकाने स्वतःचं नाव नुसतं ‘नातेवाईक’ एवढंच लावलंय, फोटो नाही, राखाडी गोळा. फोटो आलाय तो गेलेल्या कालमुरातचा. भरदार माणूस, सोन्याचा दात, डोक्यावर मळकी पांढरी टोपी. मी डोंगर घातले, काळा घोडा घातला, अक्षरं सुबक मांडली. गुलाब नाहीत! स्वतःचंच काम बघत बसले.

२६ मार्च, गुरुवार

सातवा मसुदा. टोपी अजून पांढरी करा. घोडा डावीकडे बघू दे. नको, उजवीकडेच बरा होता. माणसाला काही सुमार आहे का! उत्तर मात्र मी पाठवायचा अवकाश, लगेच हजर. याला दुसरं काम नाही का?

त्यात तारखेचा घोळ. पुढच्या वर्षीची सात एप्रिल लिहिलीय. मी कळवलं की आश वर्षाने घालतात, म्हणजे वर्ष चुकलेलं दिसतं, यंदाचं हवं ना? उत्तर आलं, तारीख बरोबर आहे, तारखेला हात लावू नका, टोपीचं बघा. बरं बाबा! गंमत म्हणजे तिसऱ्या मसुद्यात माझ्याकडून नावच राहून गेलं होतं, त्यावर चकार शब्द नाही. तारखेतला एक ठिपका सरकला तर मात्र लगेच फाइल परत. असल्या गिऱ्हाइकांच्या पायी केस पांढरे व्हायचे माझे.

७ एप्रिल, मंगळवार

दुपारी आपा बाजारातून रिकामी पिशवी घेऊन आली. नेहमीचा लोकरवाला सकाळी गिऱ्हाइकाशी घासाघीस करता करता पोत्यावर बसला तो उठलाच नाही. फार हसवायचा, म्हणाली, दर वेळी मूठभर लोकर जास्त टाकायचा. मग डोळे पुसून तिने फोनवर फिरणारा त्याचा फोटो दाखवला.

कालमुरात. माझा कालमुरात. आणि टोपी पांढरीशुभ्र. मी केलेली. तो फोटो माझ्या फाइलीतला आहे, दुसरीकडे कुठेच असायला नको होता.

टेबलाशी आले तर काम मंजूर झालेलं. पाच तारे. अभिप्राय एकाच शब्दाचा: वेळेवर.

९ एप्रिल, गुरुवार

दोन दिवस स्वतःची समजूत काढली की योगायोग असेल. आज त्याच गिऱ्हाइकाचं दुसरं काम आलं. बुर्माके एजे, म्हणजे बुर्माकेताई, शेजारणीच्या नातवंडांच्या शाळेत शिकवणाऱ्या, छातीवर चांदीचा बिल्ला. आशची तारीख पुढच्या वर्षीची सोळा एप्रिल.

म्हणजे त्याच्या बरोबर वर्षभर आधी, येत्या गुरुवारी —

मुद्दाम वीस वर्षं पुढची तारीख घालून पाठवली. परत आली. दहा वर्षं पुढची. परत. विचारलं, तुम्ही कोण? उत्तर आलं, नातेवाईक. कुणाचे? सगळ्यांचे.

१४ एप्रिल, मंगळवार

शाळेत जाऊन आले. बाई जिवंत आहेत, ठणठणीत, मुलांवर खेकसत होत्या. त्यांना म्हटलं, एजे, हात जोडते, या दोन दिवसांत डॉक्टरांना एकदा दाखवा. त्या हसल्या. विचारलं की पोरी, औषधं विकतेस का? आणि वर मलाच सुनावलं, डोळ्यांखाली किती काळं झालंय बघ, दाखवायचंच तर आधी तू दाखव. पत्रिका दाखवायचा धीर झाला नाही.

घरी येऊन काम नाकारलं. नातेवाईक फार सभ्य. लिहिलं की काही हरकत नाही, हे काम करणारे पुष्कळ आहेत.

१६ एप्रिल, गुरुवार

शेजारणीची नातवंडं दहालाच घरी परतली. शाळा लवकर सोडली. बाई फळ्यावर लिहिता लिहिता कोसळल्या.

दुपारी नातेवाइकाने दुसऱ्या कुणीतरी केलेली पत्रिका पाठवली, बघून घ्या म्हणून. वाकडी अक्षरं. चारी कोपऱ्यांत गुलाब. मी नाही म्हटलं म्हणून बाई वाचल्या नाहीत, फक्त पत्रिका घाणेरडी झाली. संताप, संताप होतोय. कुणावर काढू? आपाला कसं सांगू? तिला सांगितलं की गिऱ्हाईक त्रास देतंय. ती म्हणाली, देऊ दे, तू त्याच्यापेक्षा हट्टी आहेस.

२१ एप्रिल, मंगळवार

नवा मसुदा आलाय. त्याच गुलाबवाल्याने केलेला. नातेवाईक लिहितो की काम गचाळ आहे, तुमचा हात चांगला, तुम्ही घेता का? नाहीतर हेच चालवतो.

फोटो आपाचा आहे.

खिडकीशी बसलीय, मांडीवर नमदा, तोंडात दोरा. मागे माझी खुर्ची दिसतेय. असा फोटो कुणी काढलाच नाही. मी नाही काढला. घरात तिसरं कुणी —

पुढच्या वर्षीची चोवीस एप्रिल. म्हणजे येता शुक्रवार. परवाच्या नंतरचा दिवस.

काम घेतलं. लगेच घेतलं.

२२ एप्रिल, बुधवार

आपाच्या छातीत सकाळपासून कळा. डॉक्टर घरी येऊन गेले, काही सापडलं नाही. ती मला म्हणते, तोंड काय पाडलंयस, गॅस झालाय मला.

तारखेसाठी भांडले. शिव्या दिल्या. पाया पडले. उत्तर तेच: तारखेला हात लावू नका. मग आठवलं, नाव राहून गेलं होतं तेव्हा तो बोलला नव्हता. त्याला फक्त तारीख —

आपाचा फोटो काढून टाकला. जागा रिकामी. तशीच पाठवली. परत आली: कुणीतरी हवं.

एसेनगुलचं नाव घातलं. खरंच घातलं. त्याचा फोटोही मिळाला, दोन्ही मुली मांडीवर, धाकटीच्या हातात बिस्कीट. अर्धा तास बघत बसले. पुसलं.

मग माझं.

माझ्या नावाच्या पहिल्याच मसुद्याला मंजुरी. आयुष्यात पहिल्यांदा.

२३ एप्रिल, गुरुवार

आपाच्या कळा थांबल्या. सकाळीच बाजारात गेली, कुणाशी तरी भांडून चांगली लोकर घेऊन आली. खूश आहे. मी बघतेय तिच्याकडे. बघू दे मला.

मला भीती वाटतेय. फार.

२४ एप्रिल, शुक्रवार

अजून काही झालेलं नाही. अकरा वाजले. कदाचित — कदाचित त्याला नुसती पत्रिकाच —

आपा स्वयंपाकघरात तळतेय. विचारलं काय करतेस. सात पोळ्या, म्हणाली. तेलाचा वास सोडला की गेलेल्यांचं पोट भरतं. पण आज कुणासाठी? कोण जाणे, म्हणाली, सकाळी उठल्यापासून हात आपोआप पिठाकडे जातोय.

दुसरी पोळी. वास इथवर आलाय.

कालपासून पोटात अन्न नाही माझ्या. भूक लागली होती. आता नाही. चौथी — प्रत्येक पोळीला आत काहीतरी — पोट भरत चाललंय. काही न खाता. वासानेच —

आपा जेवायला हाक मारतेय. ओ दिली. पुन्हा हाक मारतेय. ओ देतेय मी, मोठ्याने देतेय, दारात येऊन उभी आहे ती, खुर्चीकडे बघतेय, आपा, अगं इथेच आहे मी, इथे —