पाचच गाणी का, याचा खुलासा

बॉन, रविवार, ३० सप्टेंबर २००७

तीर्थस्वरूप यशवंतमामांना बॉनहून प्रणवचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे पद्धत म्हणून लिहिलेलं नाही. तुमचं पत्र वाचताना पलंगावर बसलो होतो, तिथून जो जमिनीवर आलो तो अजून तिथंच आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता ना? स्नेहलतामामींचं बीपी? दारातल्या चिकूला यंदा तरी फळ धरलं का? मी इकडे मजेत आहे असं लिहायला घेतलं होतं, पण मामा, मी मजेत नाही. परवा लॅबमध्ये एकच रीडिंग तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं. शेजारच्या टेबलावरचा हॉल्गर एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण त्यानंही विचारलं की घरी सगळे ठीक आहेत ना. मी म्हटलं, आहेत, त्याचीच तर भीती वाटते.

तुमचं पत्र चार पानी. त्यातल्या साडेतीन पानांत तुम्ही 'कॉटन डेपो'च्या नव्या लाइव्ह अल्बमची सालटी काढली आहेत. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण उरलेल्या अर्ध्या पानात, दुधाचा रतीब बंद करावा इतक्या सहज, तुम्ही लिहिलंय की ही माणसं संपली, आता ऐकण्यासारखं काही उरलं नाही, आणि दसऱ्याला तुमच्या सगळ्या रेकॉर्डी आत्मारामकाकांना देऊन टाकणार. आत्मारामकाकांचा बायपासवर नवा ढाबा उघडतोय हे ऐकून आनंद झाला. पण त्या रेकॉर्डी ते ढाब्याच्या भिंतीवर शोभा म्हणून खिळ्यानं ठोकणार आहेत म्हणे! खिळ्यानं, मामा! ज्या रेकॉर्डीला मी सातवीपर्यंत हात लावायचा नाही, आणि सातवीनंतर लावलाच तर साबणानं धुऊन, फक्त कडेला, असा तुमच्या घरात कायदा होता, त्या आता तंदुरीच्या धुरात लटकणार. हे वाचून मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

तुम्ही कॉलेजात असताना हातातलं घड्याळ देऊन होस्टेलवरच्या कुणाकडून त्यांची पहिली रेकॉर्ड घेतलीत, ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहे की ते घड्याळ मी पाहिल्यासारखं वाटतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडची ती दाढीवाली मंडळी, तीन-तीन गिटारी, एकेक गाणं अठरा मिनिटांचं; आणि सांगलीत, बाहेर भाजीवाली ओरडत असताना, तुम्ही डोळे मिटून खुर्चीत. आईबाबांच्या बदल्यांमुळे मी तुमच्याकडे राहून शिकलो, पण खरं शिकलो ते त्या खुर्चीच्या पायाशी बसून. म्हणून तर गेल्या जूनमध्ये 'कॉटन डेपो' बॉनला येणार आणि तिथंच लाइव्ह रेकॉर्डिंग करणार हे कळल्यावर मी तुम्हाला तीन पानी पत्र टाकलं होतं, आणि अल्बम आल्याबरोबर तुम्हाला पाठवला होता, वर 'ऐका आणि कळवा' अशी चिठ्ठी लावून. तुम्ही ऐकलंत आणि कळवलंत. आता मला खुलासा करणं भाग आहे. फोनवर करणार होतो. तीनदा लावलाही, पण तुमचा 'बोला' ऐकला की माझी बोबडी वळते आणि मी ठेवून देतो. (ते फोन माझे होते. मामींना उगाच टेलिफोन खात्यात तक्रार करायला लावू नका.) शेवटी मामींनाच गाठलं, त्या म्हणाल्या, पत्र लिही, पत्र ते शेवटपर्यंत वाचतात, चुका काढायला का होईना.

आल्झो (हे इथलं 'तर मग', तोंडात बसलंय, माफ करा), तुमची पहिली तक्रार, की मागे सतत टेबलं बडवल्याचा आवाज आहे. मामा, तो कार्यक्रम हॉलमध्ये नव्हता, र्‍हाइनच्या काठी मांडवात होता, आणि वेळ रविवारी सकाळी अकराची. इथं फ्र्यूशॉपन नावाचा प्रकार असतो, म्हणजे रविवारी सकाळी सहकुटुंब लाकडी बाकांवर बसून बिअर प्यायची आणि समोर कुणीतरी वाजवायचं. एकेकाळी स्टेडियम भरवणारी माणसं सॉसेजच्या गाडीशेजारी उभी होती. गायक हॅस्किन्स आता सत्तरीकडे झुकलाय, चष्म्याला दोरी आहे. स्टेजवर चढताना त्याला कुणीतरी हात दिला तेव्हा मला एकदम तुमचा गुडघा आठवला. पण तोंड उघडलं, आणि मामा, आवाज तोच! पहिली चार गाणी तुम्ही अल्बमवर ऐकलीत, त्यांच्याबद्दल तुमच्या पत्रात अक्षर नाही, म्हणजे ती आवडली असं मी धरून चालतो. तुमचा सगळा राग पाचव्यावर, नदीच्या गाण्यावर. आवाज बसलाय, गिटारवाले ओढत नेल्यासारखे वाजवतात, प्रेक्षकांतलं कुणीतरी गाढव ओरडतंय, आणि एवढं गाणं संपतं तिथं हा माणूस हसतो आणि 'यस सर' म्हणतो. 'कुणाला यस सर? कशाला?' असं तुम्ही लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. कागद फाटलाय तिथं.

तर ते गाढव. त्याच्याबद्दल मला जरा माहिती आहे. तुम्ही मला नवव्या वर्षी पहिलं संगीत नाटक दाखवलंत, आठवतं? पद संपत आलं आणि तुम्ही खुर्चीवरून अर्धे उठून, पोटातून, 'वन्स मोअर!' दिलात. नटानं हात जोडले आणि पुन्हा सुरुवात केली. मला वाटलं, माझ्या मामांनी सांगितलं की जग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. घरी येताना शिकवलंतही, की टाळ्यांच्या आधी द्यायचा, शेवटचा सूर विरायच्या आत, नाहीतर काय उपयोग. आता सांगलीत वाढलेला मुलगा, समोर नदीचं गाणं, शेवटचा सूर विरतोय... मी काय करणार होतो?

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. इथं लोक कार्यक्रम संपल्यावर आणखी एखादं मागतात, पण आत्ताच झालेलं गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हणा असं कुणी म्हणत नाही. हॉल्गर (त्याला मीच आणलं होतं) बाकावर माझ्यापासून वीतभर लांब सरकला. हॅस्किन्सनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मागच्यांकडे पाहिलं, आणि पुन्हा सुरू केलं. मामा, अठरा मिनिटांचं गाणं! त्यांच्या सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांना असा वन्स मोअर कुणी दिला नसणार, त्यांना तो हुकूम वाटला की मान, कोण जाणे. ते झालं तेव्हा मी पुन्हा दिला. (का दिला ते खाली येईल.) पण या खेपेला जर्मन लोकांना ही मांडवाची रीतच आहे असं वाटलं. आणि रीत म्हटली की ही माणसं मागे राहत नाहीत. आठशे माणसं एका सुरात 'वन्स मोअर', आणि टेबलांवर ग्लासांचा ठेका. हॉल्गर सर्वांत पुढे.

म्हणजे अल्बमवर तुम्ही ऐकलंत ते तिसऱ्या वेळचं. चौपन्न मिनिटं सलग गाऊन सत्तरीच्या माणसाचा आवाज बसणार नाही तर काय होईल? पहिल्या वेळचं का नाही घेतलं म्हणाल, तर त्यात मधेच एक तार तुटली, आणि दुसऱ्यात अकराव्या मिनिटाला मांडववाल्यांनी लाउडस्पीकरवर सांगितलं की एका निळ्या गाडीनं बाहेर जायचा रस्ता अडवलाय, मालकानं ताबडतोब यावं. वेळ सगळा त्यातच गेला, म्हणून पाचच गाणी. तेव्हा मामा, ती माणसं संपलेली नाहीत. त्यांना मी दमवलं. दोष द्यायचा तर मला द्या, पण त्यांना भिंतीवर ठोकू नका. मला आणखी काही नको.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा. या पत्रात सापडतील त्या सगळ्या चुका कबूल.

तुमचा भाचा (अजून म्हणवून घेता येत असेल तर),
प्रणव

ता. क. दुसऱ्यांदा वन्स मोअर का दिला ते खाली येईल म्हणून लिहिलं, आणि पत्र संपवलं. मुद्दामच. झालं असं, की नदीचं गाणं तुम्हाला प्रत्यक्ष ऐकवायचं मी आधीपासून ठरवलं होतं. खिशात मोबाइल, तुमचा नंबर तयार. तुमच्याकडे दुपारचे सव्वातीन. पहिल्या वेळी नुसती रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना. म्हणून वन्स मोअर. दुसऱ्या वेळी सारखा एंगेज. (मामींनी परवा सांगितलं, रिंगनं झोपमोड झाली म्हणून त्यांनी रिसीव्हर काढून ठेवला होता.) म्हणून पुन्हा. हे सगळं मी कुणासाठी केलं ते तुम्हाला कळावं एवढंच.

ता. क. २ तिसऱ्या वेळी फोन लागला. (तोवर मामींनी रिसीव्हर परत जागेवर ठेवला असणार.) गाणं संपायला अर्धं मिनिट होतं. मी मोबाइल स्पीकरवर टाकून हात उंच केला, आणि तिथंच प्रेक्षकांचा आवाज टिपायचा माइक खांबाला लटकत होता, हे मी पाहिलं नाही. तुम्ही गेल्या जुलैच्या पत्रात लिहिलं होतंत, की हल्ली भर दुपारी कुणीतरी हलकट फोन करून कानात सायरन वाजवतो. मामा, तो सायरन नव्हता. ते 'कॉटन डेपो'चे तिन्ही गिटारवाले होते.

ता. क. ३ माझी खरी विनंती अशी, की आत्मारामकाकांकडे काही पाठवण्यापूर्वी एकदा पंखा बंद करा आणि हेडफोन लावून पाचवं गाणं शेवटपर्यंत ऐका. मीही तसंच ऐकलं, कारण इथं रविवारी मोठ्यानं काही लावलं तर खालच्या बाई झाडूच्या दांड्यानं छत ठोकतात. शेवटचा सूर विरतो, सगळा मांडव गप्प होतो, आणि त्या शांततेत, लांबून, झोपेतून उठल्यासारखा एक आवाज येतो, 'नॉनसेन्स! स्टॉप इट!' नाटक थांबवायचं असावं तसा, पोटातून. मग हॅस्किन्स हसतो, 'यस सर' म्हणतो आणि गिटार खाली ठेवतो. त्या दिवशी अजून सहा गाणी बाकी होती, वेळही होता. वर मी खोटं लिहिलं. कार्यक्रम तिथंच संपला, मामा. तुम्ही दोन रेघा मारून विचारलंत ना, यस सर कुणाला?

तुम्हाला.