तुझी कॅम्प एकची मुलगी

आई,

काल दिवसभर तिच्या वर्गात बसून आले. हो, तीच, तुझी कॅम्प एकची, निर्वासितांच्या वसाहतीतली सिंधी मुलगी. आमच्या विम्याच्या धंद्यात आता माझ्या वयाच्या लोकांनाही नव्याने शिकायला बसवतात. पुढे काय होईल याचा अंदाज यंत्राकडून कसा काढून घ्यायचा, त्या अंदाजावर किती विसंबायचं, असं सगळं. कंपनीने एका हॉटेलच्या हॉलमध्ये प्रशिक्षण ठेवलं, शिकवायला बाहेरून कोणी येणार म्हणून कळलं, आणि दार उघडून ती आत आली. केस पिकलेत, रंगवत नाही. मी मागच्या रांगेत होते. तिने मला बघून मान हलवली आणि फळ्याकडे वळली. मार्कर धरायची पद्धत तुझ्या खडूसारखीच, दोन बोटांत उभा, सिगरेट धरावी तसा. पंचवीस वर्षांची असताना तिला बघून वाटायचं तेच मला परत वाटलं. मला वाटलं होतं ते गेलं असेल.

तुला तुझी बाजू माहीत होती. माझी कधी नीट सांगितलीच नाही मी, म्हणून लिहितेय.

रविवारची सकाळ आठवते. शिवमंदिराच्या रस्त्यावरचं आपलं घर, ओट्याखाली भिजून मोड आलेले वाल, आणि तू स्टुलावर बसून डाळिंब्या सोलतेयस. समोर ती. कॉलेजात तुझ्या स्टॅटिस्टिक्सच्या वर्गातली, दोन रिक्षा बदलून यायची. तिच्या मांडीवर वही, हातात वाल. सोलता सोलता तू तिला विचारायचीस, "या परातीत दहा किडके असतील तर मूठभर उचलल्यावर किती येतील?" ती म्हणायची, "मॅडम, परात अच्छे से मिक्स केली आहे का, ते आधी सांगा." आणि तू हसायचीस. आई, तू हसायचीस! मी आतल्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करत असायचे, विम्याचं गणित मांडणाऱ्या ॲक्च्युअरीच्या त्या न संपणाऱ्या परीक्षा, आणि भिंतीपलीकडून तुझं हसू ऐकायचे. मी एकेक पेपर पास होत होते. मी येऊन सांगितलं की तू म्हणायचीस, "बरं. पुढचा कधी?" तीही त्याच परीक्षेला बसली, पहिला पेपर पास झाली तेव्हा तू कपाटातून तुझा कॅल्क्युलेटर काढलास. पहिल्या पगारात घेतलेला, मावशीने विणलेल्या पिशवीत ठेवलेला. मला लहानपणी त्याला हात लावायची बंदी होती. तो तू पिशवीसकट तिच्या हातात दिलास. ती तुझ्या पाया पडायला वाकली तर तू म्हणालीस, "आमच्यात पाया पडत नाहीत. चहा ठेव."

चहा ठेव! आपल्या घरातला साखरेचा डबा कुठे असतो ते तिला माहीत होतं.

मग तिच्या घरी लग्नाचं बघायला लागले. तिच्या वडिलांचं चेन-बटणांचं होलसेल दुकान, वर घर. तू मला म्हणालीस, चल माझ्याबरोबर. मला वाटलं बाजार करायचाय. तू त्या दुकानात जाऊन गादीवर बसलीस, साडीचा पदर सावरून, जशी कॉलेजच्या मीटिंगला बसायचीस. तिचे वडील हात जोडून म्हणाले, "मॅडमजी, लडकी है. दुकान का हिसाब संभाल लेगी, शादी के बाद वहाँ भी दुकान ही है. और क्या चाहिए?" तुझी हिंदी म्हणजे धन्यच. तू म्हणालीस, "दुकान का हिसाब तो आपका नौकर भी करता है. ये वो हिसाब करेगी जो अभी हुआच नहीं." ते गोंधळले. मग तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. "ये मेरी लडकी. आमच्या सगळ्या खानदानात मी पहिली कॉलेजला गेली, और ये मेरे से आगे गई. विमा कंपनी में है. किसका कितना धोका, ये बताती है. इसका दिमाग मेरे से तेज है."

माझं डोकं तुझ्यापेक्षा तेज आहे, हे मला एका बटणांच्या दुकानात कळलं, आणि तेही दुसऱ्या मुलीची सुटका व्हावी म्हणून. मी नमुना होते. कापडाचा गठ्ठा उघडून दाखवतात ना गिऱ्हाइकाला, तशी. घरी येताना रिक्षात मी वाट बघितली, तू ते वाक्य मराठीत एकदा म्हणशील म्हणून. तू म्हणालीस, "कोथिंबीर घ्यायची राहिली."

तिचं लग्न पुढे ढकललं गेलं. वर्षभरात ती माझ्याच कंपनीत लागली, माझ्याच मजल्यावर. तिचा अर्ज तूच तपासून दिला होतास.

त्या सुमारास गाड्यांच्या विम्याचे दर मोकळे झाले. तोवर सगळ्यांना एकच बांधून दिलेला दर होता, आता प्रत्येक कंपनीने आपला आपण ठरवायचा. मग कोणती गाडी ठोकली जाईल, कोणती नाही, हे आधी ओळखता यायला हवं. मुख्य कार्यालयाने जाहीर केलं की विभागातल्या एकाला या नव्या मॉडेलिंगच्या, म्हणजे गणिताने अंदाज बांधण्याच्या, शिक्षणाला पाठवणार, परदेशात, सहा महिने. परत आल्यावर नवा विभाग त्याच्याच हातात. आई, मला ते हवं होतं. इतकं मी नंतर काहीच मागितलं नाही. निवडीसाठी सगळ्यांना जुन्या अपघातांची तीच माहिती दिली आणि सांगितलं, मॉडेल बांधून आणा.

मी दोन महिने त्यात बुडाले. गाडीचं वय, इंजिन, शहर, मालकाचा धंदा, जे सापडेल ते आत घातलं. एकेक जास्तीची गोष्ट घातली की मॉडेल जुन्या अपघातांशी अजून थोडं जुळायचं, आणि मला ताप उतरल्यासारखं हलकं वाटायचं. शेवटी असं जुळलं की माझ्या साहेबांनी शीळ घातली. तिचं मॉडेल मी बघितलं होतं. मोजक्या गोष्टी, साधी बेरीज-वजाबाकी वाटावी असं. मला तिची दया आली होती.

निवडीच्या दिवशी मुख्य कार्यालयाच्या बाईंनी एक फाइल काढली. शेवटच्या वर्षाचे अपघात त्यांनी मुद्दाम आम्हाला दिलेच नव्हते. आमची मॉडेलं त्या वर्षावर चालवली. माझं कोसळलं. ज्या गाड्या सुखरूप राहिल्या त्यांना ते धोक्याच्या म्हणत होतं, आणि ठोकलेल्यांना सुखरूप. तिचं साधंसुधं मॉडेल बऱ्यापैकी टिकलं. बाईंनी तिला विचारलं, "हे इतकं आवरतं का घेतलंस?" ती म्हणाली, "मॅडम, मी थोडी माहिती आधीच बाजूला ठेवली होती, बघितलीच नाही. नंतर तिच्यावर तपासून बघितलं. माझ्या कॉलेजच्या मॅडम म्हणतात, ज्या मुलाने उत्तरं आधी बघितलीत त्याची परीक्षा घेऊन काय कळणार?"

माझ्या कॉलेजच्या मॅडम.

त्या संध्याकाळी मी पर्ससकट स्वयंपाकघरात आले. तू भाकरी थापत होतीस. मी म्हटलं, "तिला सांगितलंस. मला का नाही?"

"तिने विचारलं."

"मी तुझी मुलगी आहे. मलाही विचारावं लागतं?"

तू भाकरी तव्यावर टाकलीस, पाणी फिरवलंस, मग माझ्याकडे बघितलंस. "हो, लागतं. दोन महिने तू या टेबलावर बसलीस. मी एकदा मागे येऊन उभी राहिले तर तू कागद उलटे केलेस. तिला चूक दाखवली की ती लिहून घेते. तुला चूक दाखवली की तू आठवडाभर बोलत नाहीस. चूक दाखवून तुला विद्यार्थिनी करू की गप्प राहून मुलगी राखू, मी तरी काय निवडणार होते?"

"म्हणून तिला निवडलंस?"

"गप बस. जेवायला बस."

मी जेवले नाही. माझ्या वाटणीची भाकरी तू झाकून ठेवलीस.

ती गेली, शिकून आली, नवा विभाग तिच्या हातात आला. मी तिथेच राहिले, जुन्या कामात. वाईट नव्हतं ते. पण जिन्यात ती दिसली की मी लिफ्ट घ्यायचे. ती रविवारी येतच राहिली, हातात मिठाई, तोंडात नव्या गोष्टी, आणि तू लहान मुलीसारखी हनुवटी हातावर टेकून ऐकायचीस. मग तुझं दुखणं निघालं. दवाखान्यात मी तुझे पाय चेपत असायचे आणि तू दाराकडे बघायचीस. ती आलेली तुला माझ्याआधी कळायचं. तू गेलीस. जलदान विधीच्या दिवशी विहारात चार लोक बोलले, मग ती उभी राहिली. तिच्या मोडक्या मराठीत तिने परातीतल्या वालांची गोष्ट सांगितली आणि सगळी बायामाणसं रडली. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हात जोडून खाली बसले. लोकांना वाटलं, दुःख. दुःख होतंच गं. पण तुझ्याबद्दल सांगण्यासारखी एवढी चांगली गोष्ट माझ्याकडे नव्हती, तीही तिच्याकडे होती, हेही होतं.

काल दुपारी चहाच्या सुट्टीत ती कप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. चिखलोलीला फ्लॅट घेतलाय म्हणाली, वडील गेले, दुकान भावाने विकलं. मी हं हं करत होते. मग म्हणाली, "तुला एक विचारू? राग नको मानू. मॅडम तुला फार ओरडायच्या ना?"

मी म्हटलं, "रोज. भांडं वाजलं तरी ओरडायची."

"मला कधीच नाही ओरडल्या. इतकी वर्षं. मी एकदा मुद्दाम पेपर बुडवला, माहितीये? सीरियसली, मुद्दाम. बोललं, आता तरी ओरडतील. तर म्हणाल्या, ठीक आहे बेटा, पुढच्या वेळी." ती कपात बघत होती. "बेटा. मराठीतून हिंदीत आल्या माझ्यासाठी. पाहुण्यांशी बोलतो तसं. तू आतून दार आपटायचीस आणि त्या बाहेरून ओरडायच्या, आणि मी वाल सोलत बसायचे. मला वाटायचं, मलापण एकदा गप बस म्हणावं कोणीतरी."

तिचे डोळे भरले. पन्नाशीकडे झुकलेली बाई, शंभर लोकांना शिकवणारी, हॉटेलच्या त्या हॉलमध्ये डोळे पुसत होती. मी तिच्या हातावर हात ठेवायला हवा होता. तिचं आता जवळचं असं कोणी नाही, मला ठाऊक आहे. लग्न तिने केलंच नाही. मी म्हटलं, "चल, सुट्टी संपली."

दुपारभर ती शिकवत होती, चांगलं शिकवते, तुझ्याहून चांगलं. मी लिहून घेतलं. हे पत्र कुठे टाकणार, तू जिथे आहेस तिथे टपाल जात नाही, आणि जात असतं तरी पाठवलं नसतं. कारण खरं सांगते आई, तिला रडताना बघून मला वाईट वाटलं नाही. मला बरं वाटलं. रात्री मी पोटभर जेवले.