आऱ्यांतला चाबूक

रविवार, ९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप आक्काला धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक. भाऊजींच्या फोनवरून कळलं की तू हल्ली काठी घेऊन चालतेस. काठीला तुझा धाक बसला असेलच.

आज पहाटे कडकडकड अशा आवाजाने जाग आली. उठून बसल्यावर उमगलं, हा आवाज आपल्या लहानपणचा. अण्णांच्या घोडागाडीचा. वळणावर माणसं आडवी आली की फिरत्या चाकाच्या आऱ्यांत चाबकाचा दांडा धरायचा, रस्ता आपोआप मोकळा! आणि त्याच्या जोडीला आपल्या पांढरीच्या टापा. ती अस्सल भुजंगप्रयातात धावायची, लगागा लगागा लगागा लगागा. पुढे मास्तरांनी ते वृत्त फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्गात मी एकटाच हसलो. मला ते आधीच येत होतं. डोक्याला नव्हे, बसायच्या जागेला.

तू म्हणशील, याचं पाल्हाळ सुरू झालं. बरं, मुद्द्यावर येतो.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी शब्दकोश वाचतो, इतर म्हातारे वर्तमानपत्र वाचतात तसा. परवा 'कॅब' काढला. चार वर्षांपूर्वी माझ्या दारात उभी राहून तू म्हणाली होतीस, "एवढी शिकलेली पोरगी आणि कॅब चालवणार? माझ्या घरी काय सांगू मी?" तेव्हापासून तू हा उंबरा ओलांडला नाहीस आणि माझ्या कानात तो शब्द खड्यासारखा अडकून बसला.

तर ऐक. 'टॅक्सी' आला भाडं मोजणाऱ्या यंत्रावरून, त्याच्या मुळाशी आकारणी आणि कर. रुक्ष शब्द, कचेरीत जन्मलेला. पण 'कॅब'! फ्रेंचांकडे दोन चाकांची एक हलकी घोडागाडी होती. ती अशी उसळत जायची की तिला शेळीच्या करडाच्या उडीवरून नाव मिळालं. नाव होतं लांबलचक. घाईतल्या गिऱ्हाइकांनी त्याचं शेपूट छाटलं, उरलं कॅब. पुढे घोडा गेला, इंजिन आलं, शब्द मात्र आपली जागा सोडायला तयार नाही.

म्हणजे आक्का, तू नाक मुरडलंस तो शब्द दोन चाकांचा आणि एका घोड्याचा निघाला. आपल्याच घरचा.

आता माझ्या लेकीचं, चिमणीचं सांगतो. स्टँडवर गाड्या रांगेत असतात. पुढची गाडी भाडं घेऊन गेली की मागच्यांनी इंजिन चालू न करता गाडी हाताने ढकलत पुढे घ्यायची. जो जागेवर नसेल त्याची गाडी इतर ढकलतात, म्हणून हँडब्रेक लावायचा नाही, असा तिथला कायदा. पहिले सहा महिने चिमणीच्या गाडीला कुणी बोट लावलं नाही. ती चहाला गेली की तिचा नंबर गेला. घरी येऊन एका शब्दाने तक्रार नाही. चहाच सोडला पठ्ठीने!

गेल्या महिन्यात मला जरा बरं नव्हतं. निरोप मिळताच ती गाडी तिथेच टाकून दुसऱ्याच्या गाडीतून धावत आली. संध्याकाळी परत गेली तर तिची गाडी रांगेत सगळ्यांत पुढे उभी. दिवसभर सगळ्यांनी ढकलत आणली होती, आणि पुढे आल्यावर तिथेच राखली होती. स्टँडवरचे सगळ्यांत जुने, मिशीवाले काका म्हणाले, "बस पोरी, नंबर तुझाच आहे. पण गाडी भारी जड गं तुझी. डिकीत बापाच्या कविता भरल्यास की काय?"

मला पदकं मिळाली नाहीत, आक्का. पण त्या रात्री मी छाती फुगवून झोपलो. डॉक्टरांनी छातीला जपायला सांगितलं होतं तरी.

आता छातीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. गुरुवारी ऑपरेशन आहे. बायपास. रस्ता तुंबला की वळसा घालून न्यायचं, असं डॉक्टरांनी समजावलं. चिमणी म्हणाली, "बाबा, हे तर मी रोज करते." तुला कळवायचं नाही असं मी तिला बजावलंय. तिने ऐकलं असेल अशी आशा आहे, खात्री नाही. आज अंधारातच गाडी काढून गेली. लांबचं भाडं आहे म्हणाली. कुणाचं विचारलं तर नुसती हसली.

वडील 'वाहतुकीच्या व्यवसायात' होते एवढंच तू सासरी सांगितलंस, हे मला ठाऊक आहे. खोटं नाही ते. मी कधी तोंड उघडलं नाही आणि उघडणारही नाही. पण तो चाबूक आऱ्यांत कोण धरायचं, ते आपल्या दोघांखेरीज आता कुणालाच आठवत नाही. अण्णा नव्हेत. मी मागच्या बाकावर, तोंड मागे करून. पुढे अण्णांच्या शेजारी तू. ते म्हणायचे, "वाजव गं, वाघिणी," आणि तू भर बाजारात वाजवायचीस. "बाजूला व्हा, गाडी येतेय!" असं ओरडायचीस. मी वळून पाहिलं की तुझी ताठ मान दिसायची; तशी मान पुढे एकदाच पाहिली, चिमणी पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसली तेव्हा.

गुरुवारी सकाळी ती मला नेईल. मी मागेच बसणार, जुनी सवय. तिच्या शेजारची जागा रिकामी असेल. एवढंच कळवायचं होतं.

थांब. बाहेर गाडी थांबली. एवढ्यात कशी परतली ही?

आणि पुन्हा तोच आवाज. कडकडकड. आता मी झोपेत नाही, हातात पेन आहे. फाटकाच्या गजांवरून कुणीतरी काठी ओढत येतंय. चिमणी खो खो हसतेय, आणि दुसरा एक थकलेला, दम लागलेला आवाज दारातून ओरडतोय, "बाजूला व्हा, गाडी येतेय!"

हे पत्र आता पोस्टात टाकत नाही. हातातच देतो.

मागच्या बाकावरून,
तुझा धाकटा