ईशान्येला न जाणारं पाणी

अण्णा नगर, चेन्नई
सप्टेंबर २००६

तीर्थरूप उमाकांतमामांस,

अमोघचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे एव्हाना नाशिकच्या जिन्यांना सरावले असतील. रुचिराताई तुम्हाला दुसऱ्या चहाला नाही म्हणत नसेल अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघं ठीक, म्हणजे रेवा ठीक.

तुमच्या कारखान्यातल्या निवृत्त मित्रांनी सिरुसेरीच्या पुढे मिळून जमीन घेतली, आणि तिचा लेआउट 'आपला अमोघ करील, घरचाच इंजिनीयर आहे' असं सांगून तुम्ही नाशिकची गाडी पकडलीत. नुंगंबाक्कमच्या ऑफिसात मी पूल आखतो. तिथे पुलाचं तोंड दक्षिणेकडे नको असं कुणी म्हणत नाही. इथे वीसएक प्लॉट, मधून रस्ता, कडेने गटार आणि पाणी मागच्या तळ्यात, इतकं साधं काम. पण तळं आहे नैर्ऋत्येला, आणि अध्यक्ष माधवरावांच्या वास्तुशास्त्रात पाणी जातं ईशान्येला. ईशान्येकडे जमीन चढत जाते, असं मी भर सभेत सांगितलं. "मग इतकं शिकून उपयोग काय?" असं त्यांनी विचारलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. (तुमचे परममित्र सर्वांत आधी.) त्यात आमचा कंत्राटदार सुंदर कुणालाच नाही म्हणत नाही. "पण्णलाम सार," म्हणजे करू या, एवढंच म्हणतो. मला तळ्याकडे पण्णलाम, माधवरावांना ईशान्येला पण्णलाम. आज दोन्हीकडून खणत आणलेली गटारं मध्यावर एकमेकांसमोर येऊन उभी आहेत आणि पाणी कुठेच जात नाही.

गटाराचा भरवसा नाही म्हटल्यावर जो तो आपला प्लॉट उंच करायला लागला. एकाने हातभर भराव टाकला की शेजारी त्याच्यावर आणखी हातभर! मातीच्या लॉऱ्यांची रांग लागते. जन्मभर मशीनचे भाग केसाच्या जाडीपर्यंत मोजलेली ही माणसं, पण सगळेच उंच झाले तर कुणीच उंच होत नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला.

या सगळ्यात घर बांधून राहायला आलेलं माणूस एकच, जयवंतीबाई. (तंजावरकडच्या आहेत, मराठी आपल्या पणजीच्याही आधीचं आणि मधेमधे तमिळ.) त्यांचं घर जुन्या पातळीवर आणि चहूकडे भराव, म्हणजे वाटीच्या तळाशीच म्हणा. ऑक्टोबरात पाऊस लागला की पाणी थेट त्यांच्या चुलीपाशी. माधवरावांनी त्यांना पाणी आलं तर माडीवर जा असा सल्ला दिला, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "सार, तण्णी आलं तर मी माडीवर जावं, बरं. मज माडी कुठं अस्से?" मामा, मला लाज वाटली. आणि सगळ्यांचा भयंकर राग आला.

शेवटी मी नवा नकाशा काढला. त्यांच्या घरामागून एक पाइप, एका रिकाम्या प्लॉटच्या कोपऱ्यातून, सरळ तळ्यात. सुंदरही पण्णलाम म्हणाला (याने काही सिद्ध होत नाही). आता फक्त त्या प्लॉटच्या मालकांची संमती हवी. मालक समंजस आहेत असं सगळे सांगतात.

मामींना नमस्कार. मी तुमच्यावर रागावलेलो नाही, असलो तर अगदी थोडा.

तुमचा भाचा,
अमोघ

ता. क. तो प्लॉट तुमचा. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात तुम्ही झोपायची खोली धरली आहे हे ठाऊक आहे. पाइप खोलीखालून नाही, कुंपणाच्या कडेने जाईल. संमतीचा कागद सोबत आहे, उलट टपाली सही करून पाठवावा. मामींना पाइप ईशान्येला जातो असं सांगितलंत तरी चालेल.

ता. क. दुसरा. जयवंतीबाई पावसाची वाट न पाहता रविवारपासून आमच्याकडेच राहायला आल्या आहेत. रोज सकाळी मी दात घासत असताना समोर उभ्या राहून "पाइप?" एवढंच विचारतात.

मामा, रेवाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. पाइपाची जवळची वाट तुमच्या नव्हे, शेजारच्या प्लॉटमधून होती. तो आमचा आहे. अमोघने गेल्या आठवड्यात तिथे भराव टाकून घेतला, सगळ्यांत उंच. तरीही सही करा. जयवंतीबाईंनी आल्यापासून ट्रंक रिकामी केलेली नाही, लुगडंसुद्धा वरचं काढून वरच ठेवतात. त्यांना आपल्या घरी जायचं आहे.