सचिवपदाची कॉपी

४ ऑगस्ट, सोमवार
निर्णय पक्का. सोसायटीचं सचिवपद सोडायचं. अकरा वर्षं टाकी, लिफ्ट, पार्किंग. बस्स. गणपतीला बायकोबरोबर, शालूबरोबर, श्रीवर्धन, पूर्ण दहा दिवस. तिने विचारलं, हे कितव्यांदा? विषय बदलला.

७ ऑगस्ट, गुरुवार
सोसायटीची वेबसाइट मीच बनवलेली, जावास्क्रिप्ट व्हिडिओ बघून शिकलो. कमिटीच्या यादीत माझ्या नावाऐवजी ‘रिक्त’ टाकलं. एरर नाही, काही नाही. नाव तसंच. तीनदा केलं.

संध्याकाळी
कारण सापडलं. २०१९ साली मीच त्या रकान्याला कुलूप घातलेलं: रायटेबल फॉल्स, म्हणजे बदल करता येत नाही. तेव्हा हौस होती. त्याच यादीत २०२२ पासून माझा राजीनामाही आहे, लपवलेला: एन्युमरेबल फॉल्स. यादीत दिसत नाही, बटण दाबलं की उघडतो. तो कुणाला सापडू नये म्हणून मूळ फाइलला हात लावायचा नाही, असा ठराव मीच पास करून घेतला. स्वतःचाच ठराव मोडणं शोभत नाही.

१० ऑगस्ट, रविवार
सापडलं! कोडमध्ये यादीच्या नावाआधी तीन टिंबं दिली की अख्ख्या यादीची कॉपी होते, आणि कॉपीत कुलूप येत नाही. कॉपीला हात लावू नये असा ठराव नाही. अशी डोकी डोंबिवलीत किती असतील?
चेअरमन काळुरामशेठना आधी सांगायचं नाही. ते चहाला बोलावतात, आणि त्यांचा चहा प्यायल्यावर मला नाही म्हणता येत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार, सकाळ
आज सभा. शालू बॅग भरतेय. तिचाही विश्वास बसला.

दुपार
प्रोजेक्टरने भिंतीवर कॉपी दाखवली. सचिव म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या वल्लरीचं नाव टाकलं. झटक्यात बसलं. टाळ्या मीच वाजवल्या.
काळुरामशेठनी विचारलं, तुमचा राजीनामा कुठंय? रुबाबात बटण दाबलं. भिंतीवर आलं: ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे असं काही इथे नाहीच.
वल्लरी कोलशेतला आयटीत आहे. म्हणाली, काका, अशा कॉपीत लपवलेलं येतच नाही. मग मोबाइलवरून स्वतःचं नाव पुसून तिने माझं टाकलं. कुलूप नव्हतंच ना.
तोंडी राजीनामा देणार, एवढ्यात चहा आला.
बिनविरोध. पाच वर्षं.

२५ ऑगस्ट, सोमवार
लपवलेल्यासकट कॉपी करायची पद्धत सापडली. राजीनामा येतो. पण कुलूपही येतं. २०३० पर्यंत काहीतरी सुचेलच.
शालू बहिणीबरोबर श्रीवर्धनला गेली. बॅगेतले माझे कपडे काढून ठेव म्हटलं. म्हणाली, ते भरलेच नव्हते.