चौदावी पायरी आणि इतर मिळकत

मी खाली सही करणार, वय वर्षे छप्पन्न, व्यवसाय संस्कृतचे अध्यापन, अविवाहित, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही धाकाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत करून ठेवत आहे. शुद्धीचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. चौदा वर्षे दर गुरुवारी संध्याकाळी माणसे जमवून, ज्यांत मासे वर्तमानपत्र वाचतात अशा गोष्टी मोठ्याने वाचणाऱ्याला तो इतक्या सहज मिळाला, याचे मलाही नवल वाटले.

लिहिणारा हात माझा नाही. मागच्या आठवड्यात शाळेच्या जिन्यावर चक्कर येऊन पडलो. उजवे मनगट मोडले, आणि ते दाखवायला गेलो तेव्हा हृदयाची एक झडप नीट चालत नसल्याचे कळले. सोमवारी शस्त्रक्रिया आहे. म्हणून मी सांगतो आहे आणि वहिनी, म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या भावाच्या पत्नी, लिहून घेत आहेत. वकिलांनी बजावले की लेखनिकाला आणि साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. वहिनी म्हणाल्या, "तुमच्याकडे आहे काय द्यायला?" तो प्रश्न तिथेच मिटला.

कलम १. राहते घर माझे नाही. ते भावाने बांधले व वहिनींच्या नावावर आहे. मी मागच्या खोलीत एकोणीस वर्षे राहिलो आणि तिला दोनदा रंग दिला. रंगावर हक्क सांगत नाही.

कलम २. बँकेतील ठेव पुतणीला. तिने ती कशीही खर्च करावी. काकांना काय वाटले असते याचा विचार करत बसू नये. काकांना असल्या बाबतीत कधीच काही वाटले नाही.

कलम ३. ग्रंथ शाळेला द्यावेत. मोठा कोश मात्र देऊ नये. तो माझ्या खिडकीचे दार वाऱ्यात उघडे धरून ठेवतो, आणि शाळेत त्याला एवढेही काम मिळणार नाही.

कलम ४. मनगटी घड्याळ औषधांच्या दुकानाच्या मालकाला. ते पाच मिनिटे पुढे आहे. हे गृहस्थ दर गुरुवारी गोष्ट संपायच्या पाच मिनिटे आधी उठतात आणि दारातून विचारतात, "मास्तर, पण याचा अर्थ काय?" आमच्या शास्त्रात रसिक श्रोत्याला सहृदय म्हणतात. यांच्यासाठी शास्त्राने शब्द योजलेला नाही, पण चौदा वर्षांत त्यांचा एकही गुरुवार चुकला नाही, हेही येथे नोंदवतो.

कलम ५. वाचायची खुर्ची व टेबलावरचा दिवा बाइंडरच्या कारखान्यातच राहावेत. वाचन तिथे होते. मालकी वाचनाची, बाइंडरची नव्हे. सहा वाजता काम थांबले की तो कापायच्या यंत्रावर फडके टाकतो, खळीच्या डब्याचे झाकण लावतो आणि कागदांच्या गठ्ठ्यांवर सगळे बसतात. आमच्याकडे टाळ्या वाजवत नाहीत. गोष्ट संपली की प्रत्येकाने तिच्यातली एक वस्तू घरी न्यायची आणि कोणती ते सांगायचे, एवढीच दाद. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स एकदा म्हणाली, "मी ती दाराची मूठ नेते. गार होती." याहून चांगली टीका मी संस्कृतात वाचलेली नाही. बाइंडर नेहमी जड वस्तू नेतो. औषधवाला काही नेत नाही. तो निघालेला असतो. वहिनी कोपऱ्यात विणत बसतात आणि विचारले की म्हणतात, "मला नको काही. घरात जागा नाही."

कलम ६. त्या गोष्टी कोणाच्या, असे विचारल्यावर मी चौदा वर्षे 'अज्ञात' असे उत्तर दिले. ते खोटे होते.

(येथे लेखनिकेने पेन खाली ठेवले. पुढची ओळ मी डाव्या हाताने लिहिली आहे. अक्षराबद्दल क्षमस्व.)

त्या सगळ्या गोष्टी वहिनींनी लिहिल्या आहेत.

"तुम्ही वचन दिलं होतं, भावोजी."

"दिलं होतं. हयातीपुरतं. हा कागद उघडेल तेव्हा मी हयात नसेन."

"मास्तरकी काही जात नाही तुमची. द्या इकडे ते पेन. वाचता येणार नाही कुणाला."

तेव्हापासून पुन्हा लेखनिकेचे अक्षर.

कलम ७. याच ओघात एक गुन्हा कबूल करतो. वहिनी शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहितात आणि पानांवर क्रमांक घालत नाहीत. सुटी पाने मी बाइंडरकडे वह्या शिवायला देत असे. तीन वर्षांपूर्वी पंख्याने पाने उडाली. बाइंडरने ती गोळा केली आणि दोन गोष्टींची सरमिसळ करून शिवली. त्या गुरुवारी मी दातांच्या दवाखान्याच्या जिन्याची गोष्ट वाचत होतो. बाई तेराव्या पायरीवर पोचते. पान उलटल्यावर वरच्या मजल्यावर तिला तिच्या माहेरचे दार दिसायला हवे. मी पान उलटले तर समोर दुसऱ्याच गोष्टीतली खोली, आणि तिथे ओळीने बसून वर्तमानपत्र वाचणारे मासे.

पहिल्याच वाक्याला चूक माझ्या ध्यानात आली. थांबायला हवे होते. थांबलो नाही, कारण कारखान्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि तो मोह मला आवरला नाही.

संपल्यावर नर्स म्हणाली, "ड्युटी संपवून घरी जाताना मला असंच व्हायचं. जिना माझा, दार दुसऱ्याचं." बाइंडर म्हणाला, "ज्यानं कुणी लिहिलंय, त्यानं ती बाई पायरीवरनं अशी उचलली की मी खालचा गठ्ठा घट्ट धरला." औषधवाला त्या दिवशी उठलाच नाही. शेवटी म्हणाला, "मी ते ओलं वर्तमानपत्र नेतो." अर्थ विचारला नाही.

वहिनींच्या सुया थांबल्या होत्या. घरी आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "अकरा वर्षांत एवढी दाद कधी मिळाली नाही. आणि मिळाली ती पंख्याला." त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिलेली नाही. तेव्हापासून मी जुन्याच गोष्टी फिरवून वाचतो आहे. श्रोत्यांना कळलेले आहे, पण ते भले आहेत.

माझी इच्छा अशी. माझ्यानंतर पहिल्या गुरुवारी हे कलम कारखान्यात वाचावे. बाइंडरने मनाला लावून घेऊ नये. पाने चुकली त्याच्याकडून, वाचली मी. मग जिन्याची गोष्ट मूळ क्रमाने वाचावी, आणि ती वहिनींनी वाचावी. वहिनींना एवढेच सांगणे की पंख्याला लिहिता येत नाही. जिना त्यांचा होता, मासेही त्यांचेच होते.

कलम ८. वह्या व सुटी पाने मृत्युपत्राने देता येत नाहीत, कारण ती माझी नाहीत. ती परत करतो. झालेल्या नुकसानीबद्दल वहिनींची माफी मागतो. त्या म्हणतात, हे वाक्य नको. ठेवले आहे.

कलम ९. वाचून दाखवण्याच्या नादात मला स्वतःला कधी काही न्यायला मिळाले नाही. आता एक वस्तू मागतो. मी तो जिना नेतो.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी ऐकला, मान्य केला आणि डाव्या हाताने सही केली. साक्षीदारांनी माझी सही पाहिली. मजकूर त्यांनी वाचायचा नसतो व वाचला नाही. "पानं शिवून देऊ का?" असे बाइंडरने विचारले. नको म्हटले. पानांवर क्रमांक अंकी व अक्षरी घातले आहेत.

सही: मास्तर
साक्षीदार १. सही: बाइंडर
साक्षीदार २. सही: नर्स
स्थळ: वहिनींच्या घराची मागची खोली
वेळ: शनिवार, तारीख नऊ, सकाळी साडेदहा

लेखनिकेची नोंद: भावोजींनी सांगितले तसे लिहिले. कलम ७ मधला एक तपशील मात्र आता बरोबर नाही. ते माहेरचे दार मला पटेनासे झाले आहे, म्हणून तेराव्या पायरीच्या वर आणखी एक पायरी लिहायला घेतली आहे. कोणी जाण्याची वाट न पाहता येत्या गुरुवारी कारखान्यात मीच वाचेन, आणि गोष्टी कोणाच्या, घोटाळा कोणाचा, तेही सांगेन. तेराव्या पायरीपर्यंत वाचेन. चौदावी, भावोजी दवाखान्यातून परत येऊन गठ्ठ्यावर बसल्याशिवाय, कोणालाही वाचून दाखवणार नाही.

लिहिणार: वहिनी. हा कागद, आणि त्या गोष्टीही.