सुमनताईंचा शेवट

बुधवार संध्याकाळ, राजापेठ

आज सुमनताईंना सिनेमा दाखवला. मासिकात असताना त्यांच्यावर लेख लिहिला, मग पुस्तक झालं, आता सिनेमाची निर्माती मीच. वितरकाच्या हट्टापायी त्यांच्यावर बेतलेली नायिका शेवटी मारकुट्या नवऱ्याकडे परतते. तोच शेवट खुपत होता.

दिवे लागले तरी ताई बसूनच होत्या.

"मी कवा वापस गेली वं? चांदूरले फुलं विकून पोरी वाढवल्या मी. त्या हे पायतीन, तं काय समजतीन?"

त्यांच्यासमोरच वितरकाला फोन लावला.

"शेवट बदलतेय."

"मग सिनेमा अकोल्यातसुद्धा लागणार नाही, मॅडम."

"नाही लागला तर नाही."

ताई उठल्या. "चाल, चहा पाज मले," म्हणाल्या.

दुसरा वितरक मिळेल? माहीत नाही. शेवट मात्र बदलणार.